जवळचे म्हणजे एकच का? मोत्याच्या शिंपल्यांच्या नावांचा गुंता

सराफाच्या दुकानात बसरा मोती वेगळा, मन्नारचा वेगळा आणि जपानी अकोया वेगळा. नथीतला मोती बसरा आहे की कल्चर, हे घरातली आजीसुद्धा विचारते. आता शोधनिबंधांकडे या. पर्शियन आखातातला, मन्नारच्या आखातातला आणि जपानच्या किनाऱ्यावरचा, असे हे तीन शिंपले वेगवेगळ्या जातींचे आहेत की एकाच जातीचे तीन समूह, यावर अजून एकमत नाही. एकाच विषयावरचे पाच पेपर काढा, पाच नावं दिसतील. कुठे पिंक्टाडा फुकाटा, कुठे मार्टेन्सी, कुठे इम्ब्रिकाटा, कुठे रेडिएटा, आणि जुन्या पेपरात व्हल्गॅरिस.

बहुतेक विद्यार्थी अशा वेळी गाइड जे नाव वापरतात ते घेतात आणि पुढे जातात. हा लेख त्या सवयीविरुद्ध आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शास्त्रीय नाव हा एक दावा असतो. माझ्या हातातला प्राणी आणि अमक्याने अमक्या साली वर्णन केलेला प्राणी एकाच जातीचे आहेत, असा दावा. मोत्याच्या शिंपल्यांवरच्या बऱ्याच संशोधनात तो पुराव्याशिवाय केलेला दिसतो. त्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे 'डीएनए जवळचा निघाला' इथून 'जाती एकच' इथपर्यंत मारलेली उडी.

आधी शब्द नीट लावून घेऊ

आपल्या पाठ्यपुस्तकांत 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतात. मी पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहिणार आहे. म्हणजे पिंक्टाडा ही प्रजाती आणि फुकाटा हे तिच्यातल्या एका जातीचं नाव.

दुसरा शब्द 'मोती-कालव'. इंग्रजीत ऑयस्टर म्हणतात म्हणून आपल्याकडेही काही पुस्तकांत हा शब्द आला. पण कोकणात खडकावरून फोडून काढतो ती कालवं वेगळ्या कुळातली. त्यांची एक शिंप खडकाला कायमची चिकटलेली असते. मोत्याचा शिंपला शिणाण्यांसारखा धाग्यांच्या झुपक्याने धरून राहतो. म्हणून आपला साधा 'मोत्याचा शिंपला' हा शब्दच जास्त बरोबर आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ शिंपले बसवलेले दिसतात ते प्लॅकुना प्लॅसेंटाचे. त्याच्यातही बारीक मोती सापडतात, पण तो पिंक्टाडा नाही. मोती सापडला म्हणून नातं सिद्ध होत नाही.

नेमका हाच घोळ सुरुवातीच्या नावांत आहे. लिनियसने १७५८ साली समुद्रातल्या मोत्याच्या शिंपल्याला मायटिलस मार्गारिटिफेरस म्हटलं आणि नदीतल्या मोती देणाऱ्या शिंपल्याला माया मार्गारिटिफेरा. दोन्हींचा अर्थ 'मोती धारण करणारा'. पुढे मार्गारिटिफेरा हे नाव प्रजातीचं म्हणूनही आलं. ते आज फक्त गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं आहे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रातल्या मोत्याच्या शिंपल्यांनाही तेच लावत. जुन्या कागदात 'मार्गारिटिफेरा' दिसलं की तो नदीतला प्राणी आहे की समुद्रातला, हे आधी बघावं लागतं.

लिलावाच्या यादीतून आलेलं नाव

पिंक्टाडा हे नाव कुठून आलं ते कळलं की नावांचे नियम लगेच समजतात. हॅम्बुर्गमध्ये बोल्टेन नावाचे एक डॉक्टर शंखशिंपले जमवत. त्यांच्या मृत्यूनंतर संग्रह विकायचा होता, म्हणून रोडिंगने १७९८ साली त्याची यादी छापली, म्युझियम बोल्टेनियानम. त्या यादीत पिंक्टाडा हे नाव आहे, आणि पिंक्टाडा इम्ब्रिकाटाही आहे. रोडिंगने सविस्तर वर्णनं लिहिली नाहीत. आधीच्या ग्रंथांतल्या चित्रांकडे बोट दाखवलं. पण प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार तेवढं पुरेसं ठरतं.

ही यादी पुढे जवळपास शंभर वर्षं कोणी फारशी वापरली नाही. दरम्यान लामार्कने १८१९ साली याच शिंपल्यांसाठी मेलीआग्रिना हे नाव दिलं आणि ते चांगलं रुळलं. विसाव्या शतकात रोडिंगची यादी पुन्हा वापरात आली, आणि आधी छापलेलं नाव म्हणून पिंक्टाडा जिंकलं. जो आधी छापतो त्याचं नाव. वर्णन कोणाचं जास्त चांगलं, हा प्रश्न नाही.

नावापुढच्या कंसाकडेही लक्ष द्या. 'पिंक्टाडा इम्ब्रिकाटा रोडिंग, १७९८' इथे कंस नाही, कारण रोडिंगने ही जाती पिंक्टाडामध्येच ठेवली होती. 'पिंक्टाडा फुकाटा (गूल्ड, १८५०)' इथे कंस आहे, कारण गूल्डने तिला अव्हिक्युला प्रजातीत ठेवलं होतं आणि नंतर कोणीतरी हलवलं. कंस विसरणं ही टायपिंगची चूक नाही, त्याने चुकीची माहिती जाते. थीसिसमध्ये असे कंस परीक्षक बघतात.

मन्नारच्या शिंपल्याचा प्रवास

आता एकच ठिकाण घेऊ, मन्नारचं आखात. हर्डमन यांनी १९०३ ते १९०६ या काळात तेव्हाच्या सिलोन सरकारसाठी तिथल्या मोत्यांच्या मासेमारीवर मोठा अहवाल लिहिला. त्यात हा शिंपला मार्गारिटिफेरा व्हल्गॅरिस आहे. १९३३ साली प्रसाद आणि भादुरी यांनी भारतीय पाण्यातल्या मोत्याच्या शिंपल्यांचा आढावा घेतला. तोवर प्रजातीचं नाव बदललं होतं, म्हणून पिंक्टाडा व्हल्गॅरिस. १९७३ साली तुतिकोरिनजवळ अलगरस्वामी यांनी सीएमएफआरआय म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत गोल कल्चर मोती यशस्वीपणे तयार केले, तेव्हाच्या लेखनात तो पिंक्टाडा फुकाटा. आणि अलीकडच्या काही पेपरांत इम्ब्रिकाटा हे नाव येतं.

आखात तेच, शिंपला तोच. 'पिंक्टाडा फुकाटा' एवढंच टाकून शोध घेतलात तर हर्डमनचा अख्खा अहवाल तुमच्या जाळ्यातून निसटतो, आणि मग 'या विषयावर पूर्वी फारसं काम झालेलं नाही' असं वाक्य लिहिलं जातं. लिटरेचर रिव्ह्यूमधली अशी वाक्यं अनेकदा नावांच्या अज्ञानातून येतात.

यातला शेवटचा बदल आधीच्या बदलांपेक्षा वेगळा आहे. व्हल्गॅरिस मार्गारिटिफेरामधून पिंक्टाडात गेला, हा प्रजातीच्या नावाचा हिशेब होता. व्हल्गॅरिसचा फुकाटा झाला आणि फुकाटाचा इम्ब्रिकाटा होऊ घातला, यात मात्र भारत, पॅसिफिक आणि अटलांटिक इथले शिंपले एकाच जातीचे आहेत, असं विधान आहे. त्याला पुरावा लागतो.

कवचाने साथ कुठपर्यंत दिली

जेमसनने १९०१ साली, हिंडने १९५५ साली ऑस्ट्रेलियासाठी आणि रान्सनने १९६१ साली सगळ्या जगासाठी या शिंपल्यांची फेरमांडणी केली. हे काम मुख्यतः कवचावर आधारलेलं होतं. मोठ्या जातींसाठी कवच उत्तम काम करतं. मॅक्सिमा (हे नाव जेमसनचं) आणि मार्गारिटिफेरा यांच्या बिजागरीला दात नसतात, अकोया गटात असतात. एवढ्यावर ताहितीचा काळा शिंपला आणि अकोया वेगळे करता येतात.

अकोया गटाच्या आत मात्र कवच दगा देतं. नावंच बघा. इम्ब्रिकाटा म्हणजे कौलांसारखे एकावर एक थर असलेला. रेडिएटा म्हणजे किरणांसारखे पट्टे असलेला. फुकाटा म्हणजे रंगवलेला. थर, पट्टे आणि रंग, या तीनही गोष्टी शिंपल्याच्या वयानुसार आणि तो कुठे, किती दाटीत वाढला यानुसार बदलतात. कडेचे थर झिजून जातात. एकाच दोरीवरच्या दहा शिंपल्यांतून तुम्हाला तीनही नावांचे नमुने निवडता येतील. त्यामुळे जुन्या वर्गीकरणकारांत एकाने जोडलं, दुसऱ्याने तोडलं, यात नवल नाही. त्यांच्याकडे दुसरं साधनच नव्हतं.

डीएनए आला, पण प्रश्न कोणता सुटला?

२००६ साली यू आणि चू यांच्या गटाने चीन, जपान आणि ऑस्ट्रेलिया इथले नमुने घेऊन डीएनएची तुलना केली. चीनचा फुकाटा, जपानचा मार्टेन्सी आणि ऑस्ट्रेलियाचा इम्ब्रिकाटा यांत फरक अगदी कमी निघाला. निष्कर्ष, ही एकच जाती.

हे काम महत्त्वाचं आहे. चीन, जपान आणि ऑस्ट्रेलिया आपापली नावं धरून बसले होते, त्यांना समोरासमोर आणलं ते या कामाने. पण वाचताना दोन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला, ऑस्ट्रेलियाचा नमुना इम्ब्रिकाटा आहे हे कोणी ठरवलं? तिथल्या आधीच्या लेखकांनी तसं म्हटलं होतं म्हणून. पण इम्ब्रिकाटा हे नाव कॅरिबियन समुद्रातल्या शिंपल्यालाही लावतात. रोडिंगचं नाव चित्रांवर उभं आहे, त्याच्याकडून डीएनए मिळणार नाही. तेव्हा चीन, जपान आणि ऑस्ट्रेलियाचे शिंपले एकमेकांसारखे आहेत, एवढं या तुलनेतून मानता येतं. ते सगळे 'रोडिंगचा इम्ब्रिकाटा' आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही. इथे डब्यावरची चिठ्ठीच पुरावा म्हणून वापरली गेली.

दुसरा, फरक किती कमी असला की जाती एकच म्हणायची? असा सर्वमान्य आकडा नाही. मोत्याच्या शिंपल्याच्या अळ्या साधारण तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि प्रवाहासोबत लांब जातात. दोन पॉप्युलेशन अलीकडेच वेगळ्या झाल्या असतील तर डीएनएच्या एकदोन तुकड्यांत तो फरक उमटलेला नसतो. फरक सापडला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. हे वाक्य आपण संख्याशास्त्राच्या तासाला लिहून घेतो आणि पेपर वाचताना विसरतो.

२०१० साली इल्या ट्योमकिन यांचा बीएमसी इव्होल्युशनरी बायॉलॉजीमधला पेपर आला. या विषयात एकच पेपर वाचायला वेळ असेल तर तो वाचा. पिंक्टाडाच्या जवळपास सगळ्या जाती, त्यांचे नातलग, केंद्रकातली आणि मायटोकॉन्ड्रियातली जनुकं आणि शरीररचनेची लक्षणं, असं सगळं एकत्र घेतलं आहे. शिवाय विश्लेषणाच्या पद्धती बदलल्या तर निष्कर्ष टिकतात का, हेही तपासलं आहे. या गटातली पारंपरिक कुळं, एका प्रजातीच्या पल्व्हिनिटिडीचा अपवाद सोडता, एका पूर्वजाची पूर्ण वंशावळ म्हणून उभी राहत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष चांगल्या पायावर उभा आहे. सागरी जिवांच्या 'वर्म्स' या जागतिक नोंदवहीत आज पिंक्टाडा मार्गारिटिडी कुळात दिसते, पाठ्यपुस्तकांत मात्र अजून टेरिडी कुळ असतं, त्यामागे हीच चर्चा आहे.

अकोया गटाबद्दल या टप्प्यावर एक मधली वाट रूढ झाली. जाती एकच, इम्ब्रिकाटा, आणि तिच्या तीन उपजाती. अटलांटिकची इम्ब्रिकाटा, पर्शियन आखात, लाल समुद्र आणि भूमध्य समुद्राकडची रेडिएटा, आणि हिंद-पॅसिफिकची फुकाटा. दिसायला हा छान तोडगा आहे, पण मला तो घाईचा वाटतो. अशा कामात निवडलेली जनुकं हळू बदलणारी असतात. कुळांची नाती बघायला ती योग्य. काल-परवा वेगळ्या झालेल्या भावंडांची सीमा आखायला ती पुरत नाहीत. घरांमधल्या भिंती मोजायची पट्टी घेऊन खोलीतली फट मोजल्यासारखं होतं ते.

फट मोजणारं काम २०२० साली आलं. ताकेउची आणि सहकाऱ्यांनी जीनोमभर पसरलेले हजारो बिंदू तपासले. तेव्हा पश्चिम पॅसिफिकचा फुकाटा हिंदी महासागराच्या फुकाटापासून वेगळा दिसला. शिवाय पश्चिम पॅसिफिकमध्येही दोन गट निघाले. एक जपानच्या मुख्य बेटांचा, दुसरा नान्सेई बेटं, चीन आणि कंबोडियाचा. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा जोरदार कुरोशियो प्रवाह असूनही. यावरून या दोन जाती आहेत असं सिद्ध होत नाही, आणि लेखकांनीही वेगळी नावं दिलेली नाहीत. पण '२००६ मध्ये प्रश्न मिटला' असं म्हणणाऱ्यांना आता उत्तर द्यावं लागेल. आपल्या दृष्टीने यात एक थेट धडा आहे. जपानी फुकाटावर निघालेला निष्कर्ष मन्नारच्या फुकाटाला आपोआप लागू होत नाही, नाव एक असलं तरी.

समजा एकच जाती आहे, मग नाव कोणतं?

इम्ब्रिकाटा १७९८, रेडिएटा १८१४, व्हल्गॅरिस १८१७, फुकाटा १८५०. सगळे एकच असतील तर सर्वांत जुनं नाव लागू, म्हणजे इम्ब्रिकाटा. यात आवडीनिवडीला जागा नाही. 'पण फुकाटा सगळ्यांना माहीत आहे' ही तक्रार बरेच जण करतात. त्यासाठी नियमावलीत कलम २३.९ आहे. जुनं नाव १८९९ नंतर वैध नाव म्हणून कोणीच वापरलं नसेल, आणि नवं नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांनी किमान २५ लेखनांत, किमान १० वर्षांच्या कालावधीत वापरलं असेल, तरच नवं नाव राखता येतं. इम्ब्रिकाटा विसाव्या शतकात वापरलं गेलं आहे, त्यामुळे ही सवलत आपोआप मिळत नाही. फुकाटा राखायचं तर नामकरण आयोगाकडे अर्ज करावा लागेल, किंवा ती वेगळी जाती आहे हे दाखवावं लागेल.

हे माहीत नसल्यामुळे काही पेपर विचित्र भूमिका घेतात. प्रस्तावनेत म्हणतात की या सगळ्या एकच जाती आहेत, आणि शीर्षकात फुकाटा. दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. तिरप्या रेघा मारून चारही नावं जोडून लिहिणं हा आणखी एक प्रकार. तो प्रामाणिक आहे, पण त्याने निर्णय फक्त पुढे ढकलला जातो.

याने फरक काय पडतो?

बराच पडतो. १९९० च्या दशकात जपानमध्ये अकोया शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले. मेलेल्यांचे स्नायू लालसर तपकिरी झालेले असत. मग चीनसह इतर ठिकाणचे शिंपले आणून स्थानिक शिंपल्यांशी संकर केले गेले. जाती एकच मानली तर बाहेरून आणलेला शिंपला पाहुणा ठरतो, वेगळी मानली तर परकी जाती. कायदा आणि काळजी दोन्ही बदलतात. २०२० चं काम दाखवतं की जपानच्या मुख्य बेटांवरचा समूह वेगळा आहे. असा समूह संकरात विरघळला तर परत मिळत नाही.

प्रयोगशाळेतही हेच. शिंपल्याच्या चकचकीत थरातलं नॅक्रीन हे प्रथिन १९९६ साली फुकाटातून वर्णन केलं गेलं. २०१२ साली जपानी गटाने जीनोमचा पहिला मसुदा फुकाटा या नावाने दिला, २०१७ साली चिनी गटाने फुकाटा मार्टेन्सी या नावाने. डेटाबेसमध्ये इम्ब्रिकाटा या नावाखालीही नोंदी आहेत. या नोंदींची तुलना करताना दिसणारा फरक दोन जातींतला आहे, दोन पॉप्युलेशनमधला आहे की दोन प्रयोगशाळांतला, हे नावावरून कळत नाही. महागड्या तंत्रज्ञानाचे पेपर या बाबतीत अनेकदा सर्वांत ढिले असतात. जीनोमच्या जुळणीवर पानंच्या पानं, आणि शिंपला कोणता याबद्दल एक ओळ, 'स्थानिक फार्ममधून घेतला'. १९३३ चा कवचांवरचा आढावा या कसोटीवर जास्त जबाबदार वाटतो.

मग आपण काय करायचं?

शोध घेताना सगळी नावं टाका, मार्गारिटिफेरा आणि मेलीआग्रिनासकट. टिपणं काढताना लेखकाने वापरलेलं नाव आणि नमुन्याचं ठिकाण असे दोन रकाने ठेवा, आणि तुलना ठिकाणावरून करा. लेखकाने नाव कशावरून ठरवलं, कवचावरून, डीएनएवरून की सप्लायरच्या पावतीवरून, हे मटेरियल्स अँड मेथड्समध्ये शोधा. तिथे काहीच नसेल तर तीही एक नोंद आहे, लिहून ठेवा.

स्वतःच्या कामात कवचं जपून ठेवा, नंबर घाला, शक्य असेल तर एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करा आणि तो क्रमांक पेपरात द्या. शिंपल्याचं काम करणाऱ्यांना ही सोय आहे, मांस गेलं तरी कवच टिकतं. रोडिंगकडे होती फक्त चित्रं, तरी त्यांच्यावर आपण दोनशे वर्षांनी वाद घालतोय. तुमच्या कवचावर तरी कोणाला वाद घालता आला पाहिजे.

मन्नारच्या नमुन्यासाठी आज कोणतं नाव लिहायचं, असं कोणी विचारलंच तर माझं उत्तर आहे, पिंक्टाडा फुकाटा (गूल्ड, १८५०), आणि पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य: 'काही लेखक हिला इम्ब्रिकाटाची उपजाती मानतात. हिंदी महासागरातल्या समूहांची पुरेशी तुलना होईपर्यंत आम्ही हे नाव वापरत आहोत.' उद्या पुरावा बदलला तर नावही बदला. ती तुलना अजून पुरेशी झालेली नाही, आणि तुतिकोरिन आपल्याच देशात आहे. पीएच.डी.चा विषय शोधत असाल तर यावर विचार करा.